जबाबदारीचं टेंडर निघत नसतं

मा. प्रमुख,
कमिशनिंग विभाग, अ‍ॅडल्ट सोशल केअर,
आमच्या शहराची काउन्सिल, इंग्लंड

यांस,



तुमचं नाव इथे लिहीत नाही, शहराचंही नाही. प्रौढांच्या देखभालीची जबाबदारी असलेल्या १५३ काउन्सिल इंग्लंडमध्ये आहेत आणि तुमच्यासारखी खुर्ची प्रत्येकीत आहे. त्यांतल्या बऱ्याच खुर्च्यांना हे पत्र लागू पडेल. मराठीत लिहितेय, कारण इंग्रजीत पाठवलेल्या पत्रांना तुमच्याकडून उत्तरं आली, ‘तुमची तक्रार गांभीर्यानं घेतली आहे’ असं प्रत्येक उत्तरात होतं, आणि मावशीच्या दिवसात तसूभरही फरक पडला नाही. शिवाय ज्यांनी हे वाचायला हवं त्यांतले पुष्कळजण मराठी आहेत. साठ-सत्तरच्या दशकात इथे आलेली आणि आता ऐंशी ओलांडलेली माणसं, त्यांची लंडनपासून पुण्यापर्यंत विखुरलेली मुलं-भाचरं, आणि गेल्या काही वर्षांत व्हिसा घेऊन अशाच म्हाताऱ्यांची उठबस करायला आलेल्या मुली. त्यांना तुमची कर्तव्यं माहीत असावीत. तुम्हाला ती माहीत आहेत, याबद्दल मला शंका नाही.

माझी मावशी ८६ वर्षांची आहे. काका गेल्यावर एकटी राहते. आधी कंबरेचं हाड मोडलं, मग हळूहळू स्मरण जायला लागलं. इंग्रजी तिच्या तोंडून जवळजवळ गेलंच, मराठी तेवढी उरली. तुमच्या सोशल वर्करनं घरी येऊन तिच्या गरजा तपासल्या आणि केअर प्लॅन तयार केला. दिवसाला चार भेटी: सकाळी अर्धा तास, दुपारी पंधरा मिनिटं, संध्याकाळी पंधरा मिनिटं, रात्री झोपवायला अर्धा तास. कागदावर पाहिलं की वाटतं, बाईची चांगली सोय झाली.

आता दुपारची पंधरा मिनिटं कशी जातात ते सांगते. केअरर दाराशेजारच्या पेटीतून किल्ली काढते, आत येऊन मोबाइलवर हजेरी लावते, हातमोजे आणि एप्रन चढवते. मावशीला खुर्चीतून उठवायचं तर घाई करून चालत नाही, आधी तिला आपण कोण ते सांगावं लागतं, मग ती घाबरत नाही. वॉकर पुढ्यात धरून संडासापर्यंत न्यायचं, पॅड बदलायचं, धुवायचं, पुसायचं, परत आणून बसवायचं. औषधाच्या पाकिटातून दुपारच्या गोळ्या काढून तिनं त्या गिळल्या की गालात ठेवल्या ते बघायचं. डबा गरम करून समोर ठेवायचा. मग नोंद लिहायची. खायला बसलेल्या बाईजवळ थांबायला वेळ उरतच नाही. समोरचं ताट आपलं आहे, हे मावशीला कुणीतरी सांगावं लागतं. संध्याकाळी मी गेले की ते ताट गार होऊन तसंच असतं, आणि नोंदीत मात्र ‘जेवण दिलं’ असं असतं. ते खोटं नाही. जेवण दिलंच होतं.

केअर ॲक्ट २०१४ बरोबर सरकारनं जी वैधानिक मार्गदर्शिका काढली, तिच्यात स्पष्ट लिहिलंय की ज्यांना शरीराच्या स्वच्छतेसाठी मदत लागते त्यांना पंधरा मिनिटांची किंवा त्याहून छोटी भेट देणं योग्य नाही. माणूस डे सेंटरमधून सुखरूप घरी पोहोचला का, गोळी घेतली का, एवढं बघण्यापुरती अशी भेट चालू शकेल. ‘नाइस’ या संस्थेनं सप्टेंबर २०१५ मध्ये घरच्या देखभालीसाठी जे निकष दिले, त्यांत अर्ध्या तासाहून कमी भेटीला अटी घातल्या: येणारी व्यक्ती ओळखीची हवी, ती भेट मोठ्या योजनेचा भाग हवी, आणि ठरलेलं काम त्या वेळात खरोखर पुरं होणारं हवं. २०१३ साली लेनर्ड चेशायर या अपंगांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं याच पंधरा मिनिटांविरुद्ध मोहीम चालवली होती. त्या वेळचे मंत्री नॉर्मन लँब यांनीही या भेटींवर टीका केली होती. म्हणजे मंत्री बोलून झाले, संस्था ओरडून झाल्या, कायदा झाला, मार्गदर्शिका झाली. तरी मावशीच्या प्लॅनमध्ये पॅड बदलण्याचं काम पंधरा मिनिटांच्या भेटीत तुमच्याच खात्यानं लिहिलंय. कोणता परिच्छेद वाचून लिहिलं, ते सांगा.

रात्रीच्या भेटीचं तर विचारूच नका. झोपवायची वेळ रात्री नऊची ठरली होती. तुम्ही ज्या खासगी एजन्सीला हे काम दिलंय, तिच्या फेऱ्यांत ती सरकत सरकत साडेसहावर आली. जून महिन्यात इथे साडेनऊपर्यंत उजेड असतो. बाहेर पोरं सायकली फिरवतायत, पलीकडच्या बागेत बार्बेक्यू चाललंय, आणि आमची मावशी गाऊन घालून, पॅड लावून, पडदे ओढलेल्या खोलीत आडवी. सकाळी साडेसातपर्यंत कुणी येणार नाही. म्हणजे तेरा तास. २०११ साली समानता आणि मानवी हक्क आयोगानं घरच्या देखभालीची चौकशी केली, तेव्हा सतरा-सतरा तास अंथरुणात पडून राहिलेली माणसं त्यांना आढळली होती. त्या अहवालानंतर एक अख्खं दशक उलटून गेलं. तेराच तास आहेत, म्हणून मी तुमचे आभार मानावेत अशी अपेक्षा आहे का?

एक मान्य करते, मिनिटं मोजण्यात तुमच्या खात्याचा हात कुणी धरणार नाही. केअरर किती वाजून किती मिनिटांनी आत गेली आणि किती वाजता बाहेर पडली, हे तुमच्या यंत्रणेत सेकंदासकट आहे. अर्ध्या तासाची भेट एकोणीस मिनिटांत संपली, हेही तिथे आहे. अशा भेटी एकदा नव्हे, आठवडेच्या आठवडे झाल्या. तरी मावशीच्या हिश्शाचं बिल आलं ते पुऱ्या अर्ध्या तासांचं. मी विचारल्यावर उत्तर आलं की बिल ठरलेल्या वेळेवर निघतं. मग ही सेकंदांची मोजणी चालते कुणासाठी? एजन्सीला कमी पैसे द्यायचे असतील तेव्हा ती कामाला येते, आणि म्हातारीला पैसे परत करायचे असतील तेव्हा तुम्हाला ती दिसत नाही.

मध्ये काही महिने एक मुलगी येत होती. सांगलीकडची, नर्सिंग शिकलेली, केअररच्या व्हिसावर आलेली. दारातूनच ‘आजी, मी आले गं’ म्हणायची. मावशी तिचं ऐकायची, तिच्या हातानं गोळ्या घ्यायची, चार घास जास्त खायची. ती पुढच्या घरी पळत जायची, कारण दोन घरांमधल्या प्रवासाला रोटामध्ये, म्हणजे कामाच्या वेळापत्रकात, वेळच ठेवलेला नसायचा. सकाळी सातला घर सोडायची, रात्री दहाला पोहोचायची, आणि मधल्या बसथांब्यांवर गेलेल्या तासांचा तिला पगार नव्हता. मग रोटा बदलला आणि ती शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. मी तुमच्या विभागात फोन केला, तर तिकडून सांगितलं की एकच केअरर मिळणं ही करारातली अट नाही. खरंच नाही, कारण करार लिहिताना ती अट तुम्ही घातलीच नाहीत. माणूस ओळखीचं असावं, ही स्मरण गेलेल्या बाईसाठी चैनीची बाब आहे असं तुमच्या कुठल्या अधिकाऱ्याला वाटलं?

त्या मुलीबद्दल आणखी थोडं. २०२२ च्या फेब्रुवारीत केअररना व्हिसा खुला झाला, तेव्हा भारतातून, नायजेरियातून, झिम्बाब्वेतून माणसं आली, कारण इथली माणसं त्या पैशात हे काम करेनाशी झाली होती. मार्च २०२४ पासून नव्यानं येणाऱ्यांना मुलाबाळांना आणायची बंदी झाली, जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरतीच बंद झाली. व्हिसा मालकाच्या नावावर असल्यामुळे तोंड उघडायची यांची छाती होत नाही. काम गेलं तर देशच सोडावा लागेल, ही भीती डोक्यावर असते. तुमचा स्वस्त दर याच भीतीवर टिकून आहे. मजुरीचा कायदा मोडला तर तो एजन्सीनं मोडला, आम्ही नव्हे, असं तुम्ही म्हणाल. पण २०२० साली लंडनच्या हॅरिंगे काउन्सिलसाठी काम करणाऱ्या दहा केअररनी ट्रायब्युनलमध्ये दावा जिंकला, आणि दोन घरांमधला प्रवास व मधलं थांबणं हे कामाचेच तास आहेत, हे त्यातून ठरलं. तो निकाल तुमच्या टेबलावर आला असेलच. त्यानंतर तुम्ही एजन्सीला देत असलेल्या दरात प्रवासाचे किती मिनिटांचे पैसे धरलेत?

दराचंच बोलू. होमकेअर असोसिएशन दरवर्षी हिशोब मांडते की कायद्याप्रमाणे पगार, प्रवास, रजा, पेन्शन, प्रशिक्षण आणि ऑफिसचा खर्च धरून एका तासाला किमान किती पैसे लागतात. इंग्लंडसाठी २०२५-२६ चा आकडा तासाला ३२.१४ पौंड होता. बहुतेक काउन्सिल याहून कमी देतात. हा आकडा धंदेवाल्यांच्या संघटनेचा, म्हणून तो फुगवलेला, असं म्हणायची सोय तुम्हाला आहे. पण २०२२ मध्ये सरकारनं तुम्हालाच सांगितलं होतं की तुमच्या भागात या सेवेचा खरा खर्च किती येतो ते मोजा. तुम्ही एजन्सींकडून आकडे गोळा केलेत, मधला आकडा काढलात, अहवाल २०२३ च्या सुरुवातीला स्वतःच्या वेबसाइटवर टाकलात. मी तो डाउनलोड करून वाचला. त्यातला दर आणि तुम्ही प्रत्यक्षात देता तो दर शेजारी शेजारी ठेवला की कळतं, आपण देतोय त्या पैशात हे काम नीट होऊ शकत नाही, हे तुम्हाला तुमच्याच सही-शिक्क्यानं माहीत होतं. तरी पुढचं टेंडर काढताना किमतीला गुण ठेवलेत, आणि सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला सगळ्यात जास्त.

केअर ॲक्टचं कलम ५ तुमच्यावर बाजार नीट चालता ठेवण्याचं कर्तव्य टाकतं: पुरेशा, चांगल्या, टिकाऊ सेवा आणि त्यांत राबणारी माणसं, या सगळ्याचा विचार करून. दर इतका खाली ओढायचा की एजन्सीला भेटी कापल्याशिवाय आणि प्रवासाचे पैसे बुडवल्याशिवाय तगताच येऊ नये, हे कर्तव्य पार पाडणं आहे का? अशा एजन्सी बुडतात तेव्हा काय होतं, तेही आपण पाहिलंय. नोव्हेंबर २०१८ मध्ये देशातल्या एका मोठ्या होमकेअर कंपनीबद्दल देखभाल सेवांवर नजर ठेवणाऱ्या केअर क्वालिटी कमिशननं, म्हणजे सीक्यूसीनं, ८४ काउन्सिलना धोक्याची सूचना दिली, तेव्हा नऊ हजारांहून अधिक माणसांची सेवा टांगणीला लागली होती.

पैसे नाहीत, हे तुमचं उत्तर मला तोंडपाठ आहे, आणि त्यात तथ्य आहे. केंद्र सरकारनं २०१० नंतर काउन्सिलची अनुदानं कापली, आणि संपत्तीची जी मर्यादा ओलांडली की सेवेचा सगळा खर्च स्वतः करावा लागतो, ती २३,२५० पौंडांची मर्यादा तेव्हापासून तिथेच गोठून आहे. या बाबतीत मी तुमच्या बाजूनं वेस्टमिन्स्टरशी भांडायला तयार आहे. पण २०१६-१७ पासून काउन्सिल टॅक्सच्या बिलावर अ‍ॅडल्ट सोशल केअरच्या नावानं वेगळी ओळ छापता, ती मी दरवर्षी भरते. आणि देखरेख करायला पैसे लागतात त्याहून जास्त लाज लागते. मावशीच्या नोंदवहीतली चार पानं उघडून बघायला कुठलं अनुदान कमी पडलं? एकोणीस मिनिटांच्या भेटींचं बिल दुरुस्त करायला कुठला निधी हवा होता? वेल्स तर तुमच्याच शेजारी आहे, तिथेही पैशाची टंचाई आहे. तरी त्यांनी २०१७ च्या नियमांत प्रवासाचा वेळ आणि सेवेचा वेळ वेगवेगळा दाखवणं सक्तीचं केलं, अर्ध्या तासाहून छोट्या भेटींवर अटी घातल्या. नियम लिहायला शाई लागते तेवढीच लागली.

तुमच्या शेवटच्या पत्रात एक वाक्य होतं, ते वाचून मी हे सगळं लिहायला बसले. “संबंधित एजन्सी ही स्वतंत्र संस्था असून तिला सीक्यूसीची ‘गुड’ श्रेणी आहे.” ती श्रेणी कधीची आहे, बघितलंत? कित्येक वर्षांपूर्वीची. त्यानंतर एजन्सीची मॅनेजर बदलली, केअरर बदलल्या, माझ्या मावशीचं मनही बदललं. सरकारनं नेमलेल्या पेनी डॅश यांनी २०२४ मध्ये सीक्यूसीच्या कारभाराची पाहणी केली. कमिशनला तपासणीचा अधिकार असलेल्या ठिकाणांपैकी साधारण पाचातल्या एकाला कधीच श्रेणी मिळालेली नाही, आणि बऱ्याच ठिकाणांची श्रेणी वर्षानुवर्षं जुनी आहे, असं त्यांना आढळलं. त्याच वर्षी जुलैमध्ये आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी हे कमिशन आपल्या कामाला लायक नाही, असं जाहीरपणे म्हटलं. अशा कमिशनचा जुना शिक्का दाखवून तुम्ही तुमचं काम झालं म्हणता. सीक्यूसी एजन्सीचा परवाना आणि दर्जा बघते. मावशीचा करार, मावशीचा प्लॅन, मावशीच्या भेटीची लांबी बघायची कुणी? ते काम तुमचं आहे, इतर कुणाचंही नाही.

आणि “स्वतंत्र संस्था” हे शब्द तर काउन्सिलच्या पत्रात यायलाच नकोत. काउन्सिलच्या वतीनं दुसऱ्या कुणी केलेलं काम हे काउन्सिलनंच केलेलं समजायचं, हे १९७४ च्या स्थानिक शासन कायद्यानं ठरवून दिलंय, आणि काउन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारे लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ओम्बुड्समन निकालामागून निकाल देताना हेच बजावत आले आहेत. केअर ॲक्टच्या कलम ७३ नं आणखी एक पाऊल टाकलं: काउन्सिलनं लावून दिलेली किंवा पैसे भरलेली देखभाल खासगी एजन्सी करत असली, तरी मानवी हक्क कायद्यापुरतं ते सार्वजनिक काम आहे. मावशीला ओल्या पॅडमध्ये तेरा तास ठेवलं, तर कायद्याच्या दृष्टीनं ते तुमच्या नावावर लागतं. काम बाहेर देता येतं. जबाबदारीचं टेंडर निघत नसतं.

पॅडवरून आठवलं, केन्सिंग्टन अँड चेल्सी काउन्सिलचा खटला तुमच्या प्रशिक्षणात शिकवत असतील. स्कॉटिश बॅलेची एकेकाळची आघाडीची नर्तिका. स्ट्रोकनंतर चालणं अवघड झालेलं, रात्री कमोडपर्यंत जायला मदत लागायची. मूत्रविसर्जनावरचा ताबा मात्र सुटलेला नव्हता. रात्रीची केअरर काढून तिच्या जागी पॅड द्यायचं काउन्सिलनं ठरवलं, वर्षाला सुमारे २२,००० पौंड वाचणार होते. जुलै २०११ मध्ये सुप्रीम कोर्टात चार विरुद्ध एक अशा मतांनी ती नर्तिका हरली, लेडी हेल एकट्या तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. मे २०१४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं बहुतांश काळासाठी काउन्सिलचंच बरोबर ठरवलं. मात्र गरजांचा नीट फेरआढावा न घेता मदत कापली, त्या सुमारे वर्षभराच्या काळात तिच्या खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग झाला, असं म्हटलं आणि एक हजार युरो भरपाई दिली. हजार युरो ही काही मोठी रक्कम नव्हे. पण काउन्सिल नेमकी कुठे कायद्यात अडकली ते बघा: फेरआढावा न घेता कापलं, तिथे.

मावशीच्या प्लॅनचा फेरआढावा वर्षातून एकदा तरी व्हावा, अशी मार्गदर्शिकेची अपेक्षा आहे. झोपायची वेळ नवावरून साडेसहावर आणताना तिचा आढावा कुणी घेतला? कुणी विचारलं तिला? मराठीत विचारायला दुभाषी तरी बोलावला होता?

२०१० नंतर बरीच वर्षं काउन्सिलच्या या कामावर बाहेरच्या कुणाची नियमित नजर नव्हती, म्हणून सवय लागली असेल. आता २०२२ च्या हेल्थ अँड केअर ॲक्टमुळे एप्रिल २०२३ पासून सीक्यूसीला काउन्सिलचंही मूल्यमापन करावं लागतं. तुमचीही पाळी येईल. त्या दिवसासाठी तुमचा विभाग फायली रचत असेल, सादरीकरणं बनवत असेल. मूल्यमापन करणाऱ्यांनी सेवा घेणाऱ्यांशी बोलायचं असतं. तुम्ही निवडलेल्या दहा समाधानी माणसांत मावशीचं नाव नसेल, म्हणून मी त्यांना वेगळं लिहिणार आहे. सोबत तुमच्याच यंत्रणेतल्या भेटींच्या वेळा आणि तुमच्याच खात्यानं पाठवलेली बिलं जोडेन. ओम्बुड्समनकडेही तक्रार तयार आहे. ज्या वाचकांच्या आई-वडिलांची अशीच गत आहे त्यांनी ध्यानात ठेवावं: आधी काउन्सिलकडे लेखी तक्रार, तिथे दाद लागली नाही तर ओम्बुड्समन, आणि गोष्ट कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत. भेटींच्या वेळांची नोंद मागायचा हक्क त्यांना आहे, ती त्यांनी मागून घ्यावी.

तुमच्याकडून मला आता सहानुभूतीचं पत्र नको. चार गोष्टी हव्यात. मावशीच्या प्लॅनचा फेरआढावा, दुभाष्यासह. दुपारची भेट निदान अर्ध्या तासाची आणि रात्रीची नऊ वाजता. न झालेल्या मिनिटांचे तिनं भरलेले पैसे परत. आणि पुढच्या करारात केअररच्या प्रवासाच्या वेळेचे पैसे वेगळ्या ओळीत लिहिलेले, म्हणजे ते एजन्सीनं दिले की नाही हे तुम्हाला तपासता येईल आणि तपासलं नाहीत तर आम्हाला विचारता येईल.

फेरआढाव्याला तुम्ही स्वतः या. दुपारी साडेबाराला दुपारची भेट असते, तेव्हाच या, म्हणजे काय चालतं ते डोळ्यांनी दिसेल. कुठल्या दिवशी येताय ते या महिन्याच्या अखेरीपर्यंत लेखी कळवा.

आपली,
तुमच्या हद्दीतली एक करदाती, मावशीची भाची